फिकट हळद

“आत्या, तिचे डोळे दिसू दे ना गं एकदा,” मी म्हटलं.

“झोपलंय लेकरू. झोपलेल्याला उठवू नये, झोपेतच वाढतं ते,” असं म्हणत शकूआत्यानं दुपट्याची कड माझ्या मुलीच्या हनुवटीखाली खोचली.

हे मी बघत होते ते लॅपटॉपवर. मुलगी जन्मून जेमतेम आठवडा झाला होता. ती विट्यात, माझ्या आईच्या घरी होती आणि मी गावाबाहेर, आमच्या मळ्यातल्या घरात. अंगभर कांजिण्यांचे फोड. चादरीखाली कडुलिंबाचा पाला. कूस बदलली की पाला कुरकुरायचा आणि फोड जागे व्हायचे.

दवाखान्यातून माहेरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोटावर पहिला फोड दिसला होता. डॉक्टरबाईंनी बाळाला नीट तपासलं, काय ती इंजेक्शनं दिली आणि मला म्हणाल्या, “खपल्या धरेपर्यंत बाळापासून लांब राहायचं. दूध काढून पाठवत जा.” मग चष्मा डोक्यावर सरकवून आणखी एक गोष्ट सांगितली. “थोडी कावीळ पुष्कळ बाळांना होते, तेवढ्यानं घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले, दूध तुटलं, बाळ नुसतं झोपायला लागलं, तर वाट बघत बसायची नाही. तडक आणायचं. वाढली तर ती मेंदूपर्यंत जाते.”

मी मान डोलावली होती. त्या वेळी मांडीवर मुलगी होती, मान डोलावणं सोपं होतं.

आता माझ्याकडे होता तो हा पडदा. माझा फोन दवाखान्याच्या न्हाणीत बादलीत पडून गेला होता. धैर्यशीलच्या फोनची काच तडकलेली, मधोमध हिरवी रेघ. त्यावर नाक कुठलं नि तोंड कुठलं तेही कळायचं नाही. म्हणून त्याच्या फोनवरून नेट घ्यायचं आणि लॅपटॉपवर लेक बघायची, असं चाललं होतं. तिकडे आईचा फोन पाळण्यासमोर, पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

“आता बंद करू या,” धैर्यशील दारातून म्हणाला. “पुन्हा चारला लावू.”

“राहू दे की थोडा वेळ.”

“शिवा, बॅटरी बघ. लाईट यायला अजून पुष्कळ वेळ आहे.”

मळ्याची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. दिवसा घर आंधळं. रात्री लाईट आली की लॅपटॉप पोटभर चार्ज करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुरवून पुरवून खायचा. रात्री तिकडे दिवे मालवून सगळे झोपलेले, त्यामुळे लेक बघायची ती दिवसाच, बॅटरीवरच.

आणि बॅटरी हा माझ्या नवऱ्याचा प्रांत. धैर्यशील कारखान्यात इंजिनिअर. घरातला नळ टिपकला तरी त्याला झोप येत नाही. त्यानं पहिल्याच दिवशी लॅपटॉपमध्ये शिरून जेवढं म्हणून वाचवता येईल तेवढं वाचवायला लावलं होतं. पडद्याचा उजेड कमी. बॅटरी सेव्हर चालू. त्यावर आणखी एक सोय होती, डिस्प्लेची वीज वाचवणारी. ती त्यानं शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली होती.

“ती काय करते?” मी विचारलं होतं.

“दिवा मंद करते आणि त्या बदल्यात रंग सावरून घेते. डोळ्याला कळतसुद्धा नाही.”

“मग वाचतं किती?”

“बरंच वाचतं.”

“बरंच म्हणजे?”

“शिवा, कंपनीवाले काय उगाच देतील का ती सोय?”

“आई-वडलांनी नाव धैर्यशील ठेवलं,” मी म्हटलं, “आणि बॅटरी निम्म्यावर आली की तुम्हाला घाम फुटतो.”

तो हसला होता. ते पहिल्या दिवशी. त्यानंतर आम्ही फारसे हसलो नाही.

कारण तो रोज सकाळी दुधाची बाटली घेऊन आईच्या फाटकापर्यंत जायचा. आत जायची परवानगी नव्हती. “तुझ्या कपड्यांवरनं यायच्या त्या कांजिण्या,” असं आत्यानं फर्मान काढलं होतं. फाटकातून बाटली द्यायची आणि आदल्या दिवशीची रिकामी घेऊन यायचं. दोन दिवस बाटली रिकामी आली. तिसऱ्या दिवशी तळाला दूध होतं. आज निम्मी बाटली तशीच परत आली होती.

मी ती बाटली उशाशी ठेवून घेतली होती. फेकून द्यायला सांगवत नव्हतं.

“आई,” मी पडद्याकडे तोंड करून म्हटलं, “आज दूध का नाही प्यायली?”

आई चौकटीत आली. माझी आई बोलायच्या आधी एकदा शकूआत्याकडे बघते. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, घरातलं प्रत्येक बाळ तिच्या पायांवर न्हालेलं, मी धरून. बाळ-बाळंतिणीच्या बाबतीत आई तिच्यापुढे शब्द काढत नाही.

“प्यायली की,” आई म्हणाली. “थोडं प्यायली, मग झोप लागली तिला.”

“काल पण झोप लागली होती.”

“शहाणी आहे पोर,” आत्या म्हणाली. “तू असली होतीस का? घर डोक्यावर घ्यायचीस. ही बघ, टाहो नाही की कुरकुर नाही.”

“रडतच नाही?”

“आता रडायला पाहिजे का तुला? कशात सुख आहे बाई तुझं?”

मी पडद्याला नाक लावलं. छोटा चेहरा, मिटलेल्या पापण्या, अर्धवट उघडं तोंड. रंग म्हणावा तर राखी-गोरा, जरासा धुवट. जन्मली तेव्हा ती चांगली सावळी होती, माझ्यावर गेलेली. नर्सनं माझ्या कुशीत ठेवली तेव्हा आम्हा दोघींचा हात कुठला नि गाल कुठला ते कळत नव्हतं. आणि शकूआत्यानं पहिल्यांदा बघितली तेव्हा कानशिलावर बोटं मोडून झाल्यावर ती हळूच म्हणाली होती, “रंगाचं बघू आपण. आहे माझ्याकडे इलाज.”

इलाज म्हणजे साय, डाळीचं पीठ आणि हळद. रोज अंघोळीआधी पोरीला चोळायची. मला मांडीवर घेऊन हेच केलं होतं तिनं, गुण आला नव्हता. पण आत्या हरणारी नाही.

“आत्या, ती पिवळी आहे का गं?” मी विचारलं.

“कोण?”

“माझी मुलगी.”

“हळद लावल्यावर पिवळी दिसणार नाही तर काय निळी दिसणार? रोज लावते. जरा आहे पिवळसर, ती हळदीची. पण उजळली बघ कशी. वहिनी, दाखवा की हिला जवळ धरून.”

आईनं फोन उचलून पाळण्यावर धरला. चेहरा मोठा झाला. खरंच उजळली होती.

धैर्यशील माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. “चांगली दिसते की,” तो म्हणाला. “पिवळं-बिवळं काही नाही.” मग हलक्या आवाजात, “बॅटरी चाळीसच्या खाली आलीये. आता ठेवू या.”

“आत्या म्हणते पिवळसर आहे, आणि मला दिसत नाहीये.”

“मग बरंय ना?”

“हळद आहे म्हणते. मग मला हळद तरी दिसायला नको का?”

तो बॅटरीच्या आकड्याकडे बघत होता. मी पुन्हा पडद्याकडे वळले. “आत्या, हळद आज पण लावलीस?”

“सकाळीच. का?”

“नक्की हळदच लावलीस ना?”

आत्याला हे लागलं. तिच्या हळदीवर कुणी शंका घेतलेली तिला आजवर माहीत नव्हती. सांगलीवरून हळकुंडं आणून घरी कुटलेली हळद ती. “थांब,” म्हणाली आणि तरातरा चौकटीतून गेली. भांड्यांचा आवाज. परत आली ती ओंजळ भरून. ओंजळ तिनं थेट फोनपुढे धरली. “ही घे. बघ. हळद आहे का काय आहे? का मी पोरीला ज्वारीचं पीठ फासतेय?”

मी बघितलं.

ओंजळीत ज्वारीचं पीठ होतं.

म्हणजे हळदच होती. आत्याच्या बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला चिकटलेली, तशी हळदच चिकटते. पण रंग नव्हता. जुन्या धोतरासारखा काहीतरी मळकट, धुवट.

“अहो,” मी म्हटलं. “ही हळद कशी दिसते तुम्हाला?”

धैर्यशील वाकला. बघत राहिला. त्याच्या कारखान्यात यंत्राचा आवाज बदलला की तो जसा थबकत असेल तसा थबकला.

“फिकट,” तो म्हणाला.

“हळद फिकट दिसते. मग कावीळ कशी दिसेल?”

तो पडद्याच्या आणखी जवळ वाकला.

“ती सोय काढा.”

“शिवा, काढली तर पडदा सगळी बॅटरी...”

“किती?”

“म्हणजे?”

“किती खाईल? तास? अर्धा तास? तुम्ही मोजलंय कधी?”

“नाही मोजलं,” तो म्हणाला. “सगळेच म्हणतात वाचते म्हणून...”

“काढा ती. उजेड पण पूर्ण करा.”

“आणि मध्येच बंद पडला तर? मग रात्रीपर्यंत काहीच दिसणार नाही तुला.”

“आता तरी कुठं दिसतंय?”

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, कुठलंसं बटण उजवीकडून डावीकडे सरकलं. आणि झाकोळ हटून ऊन पडावं तसा पडदा उजळला. आत्याच्या ओंजळीत हळद पेटली. हिरव्या बांगड्या हिरव्या झाल्या. पाळण्याच्या कापडावरची लाल फुलं लाल झाली.

आणि माझी मुलगी पिवळी होती.

“आई,” मी म्हटलं, “ओलं फडकं घे. कपाळावरची हळद पूस.”

“आताच तर अंघोळ...”

“आई, पूस.”

आईनं आत्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, म्हणजे फोनकडे. आणि पदराचंच टोक पेल्यात बुडवून तिनं बाळाचं कपाळ पुसलं. एकदा, दोनदा. पदराला हळदीचा डाग पडला. कपाळ तसंच राहिलं.

“आता अंगठ्यानं दाब जरा. आणि सोड.”

आईनं दाबलं. सोडलं. अंगठा उचलला त्या जागी क्षणभर रक्त हटलं, आणि खालची कातडी दिसली. लिंबासारखी. पोरीला गार पाणी लागलं होतं, कपाळ दाबलं गेलं होतं, तरी ती रडली नाही. नुसते डोळे किलकिले केले.

डोळ्यांत पांढरं काही नव्हतं.

माझ्यामागे धैर्यशीलनं गाडीची किल्ली खुंटीवरून ओढली. “फोन इथंच ठेवतो,” तो म्हणाला. “तू बोलत राहा. त्यांना बाहेर काढ तोवर, मी पोचतोच.” आणि जिन्यावर त्याची पावलं, मग गाडीचा आवाज, मग आवाजही नाही.

आईनं फोन पुन्हा डब्याला टेकवला. “आई, तिला दवाखान्यात न्यायचं. आत्ता.”

“अगं बया, असं एकदम काय,” आत्या मध्ये आली. “बारसं झालं नाही पोरीचं. बारशाच्या आत उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. वारा लागंल, नजर लागंल. कावीळ म्हणतीस तर कोवळ्या उन्हात धरते मी सकाळी. ह्याच्यापेक्षा पिवळी पोरं बघितलीत मी.”

“ती सगळी जगली का गं आत्या?”

असं मी बोलायला नको होतं. आत्याचा स्वतःचा पहिला मुलगा बारशाच्या आत गेला होता. घरात ते कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. कशानं गेला ते त्या काळी कुणी विचारलं नव्हतं. ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली, आणि हळद बोटांच्या फटींतून खाली सांडायला लागली.

पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र लाल झालं. मी त्याच्यावर बोट ठेवून ते झाकलं. न बघितलं की संपणार नाही, असं काहीतरी.

“आई,” मी म्हटलं, “मला तिथं येता येत नाही. आले तर माझ्यामुळं तिला आणखी काही व्हायचं. तूच माझे हात आहेस आता. घे तिला.”

आई हलली नाही. ती आत्याकडे बघत होती. मला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, आणि त्या अर्ध्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं. मी बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या ते सांगितलं, निम्म्या बाटलीचं सांगितलं, मध्येच नुसतं “आई, आई” म्हणत राहिले.

मग चौकटीच्या पार टोकाला, उघड्या दारात धैर्यशील दिसला. धापा टाकत होता. आत येणार तोच आत्या ओरडली, “तिथंच थांब! हात लावायचा नाही तिला!” आणि तो खरंच उंबऱ्याबाहेर थांबला. इतका उंच माणूस, दोन्ही हात पुढे करून नुसता उभा. एवढ्या जवळ पोर, आणि उचलता येत नव्हती.

“आई,” तो माझ्या आईला म्हणाला, “मी रिक्षा आणलीय. तुम्ही बसा. मी गाडीनं पुढं होतो, हात नाही लावत.”

तेव्हा आईनं पोरीला दुपट्यासकट उचललं.

“वहिनी,” आत्या दारात आडवी झाली. “माझ्या भावाच्या घरात आजपर्यंत...”

“वन्सं,” आई म्हणाली, “बाजूला व्हा.”

तीस वर्षांत माझ्या आईनं नणंदेला असं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आत्यानंही नसणार. कारण ती झाली बाजूला. पुढं काय झालं ते मला नीट दिसलं नाही, आईची पाठ मध्ये आली. मग ती पाठ लहान होत दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडला, आणि त्या पाठीमागून आणखी एक पाठ घाईघाईनं निघाली, हळदीनं माखलेले हात लुगड्याला पुसत. “अहो, टोपडं तरी घाला पोरीला,” असं काहीतरी म्हणत.

रिकामा पाळणा हलत होता. मी तोच बघत बसले. थोड्या वेळानं पडदा काळा झाला, आणि त्यात माझं फोडांनी भरलेलं तोंड दिसलं.

संध्याकाळ व्हायच्या आत तडकलेला फोन वाजला. आई होती. दवाखान्यातल्या कुणाचा तरी फोन घेऊन बोलत होती. “निळ्या दिव्याखाली ठेवलीय,” आई म्हणाली. “डोळ्यांना पट्टी बांधलीय. डॉक्टरबाई म्हणतात, आज आणली हे बरं झालं. आणखी वाढली असती तर अंगातलं रक्त बदलायची वेळ आली असती. आता नाही लागायचं म्हणाल्या. तू काही खाल्लंस का?”

“आत्या कुठाय?”

“काचेला नाक लावून उभी आहे. नर्स तीनदा म्हणाली बसा म्हणून. बसत नाही.”

पोर दिव्याखाली होती तितके दिवस धैर्यशीलला करण्यासारखं काही नव्हतं. तो रोज माझं दूध पोचवायचा आणि परत येऊन लॅपटॉपसमोर बसायचा. एकदा त्यानं बॅटरी भरून, ती रंगाची सोय चालू ठेवून तोच एक व्हिडिओ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी तेवढाच उजेड ठेवून, सोय बंद करून. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. उजेड कमी केला की बॅटरी टिकते, ते खोटं नाही. पण ही रंग पातळ करणारी सोय? तिनं वाचवलेल्या वेळात एक चहा उकळून गाळून झाला असता. बाकीची बॅटरी आमचं बोलणंच खात होतं.

“एवढ्यासाठी,” तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्यानं केलंच नाही. मीही नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण हातावर फोड होते.

माझ्या शेवटच्या खपल्या वाळल्या तेव्हा डॉक्टरबाईंनी होकार दिला. मी विट्याला गेले. आईच्या अंगणात मला पाटावर बसवलं, पायांवर पाणी घातलं. घरातून शकूआत्या आली, छातीशी दुपटं. पोरीच्या अंगाला साध्या तेलाचा वास होता. आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही. वाकून पोर माझ्या हातात दिली.

मी तिला घेतली आणि माझे हात एकदम खाली गेले. इतके दिवस मी तिला बघत होते, नखापासून टाळूपर्यंत बघत होते. ती एवढी जड असेल हे मला माहीत नव्हतं.

तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि मळ्यापर्यंत ऐकू जाईल असा टाहो फोडला.

“रडू दे,” आत्या म्हणाली. “मान धर तिची. अशी नाही, अशी. धर की नीट, तुझीच आहे.”